मांडवीचा पिंगळा : एका खोट्या नोंदीची गोष्ट

दिवाळी उलटली की तापीवर कुरव येतात. रांदेर-सिंगणपोरच्या कॉजवेवर सकाळी गाठियाची पुडी घेऊन उभे राहिले की पांढऱ्या पंखांचा नुसता कल्लोळ होतो. आपले गुजराती शेजारी त्यांना धोमडा म्हणतात. कुणी लडाख-तिबेटच्या पठारावरून आलेले असते, कुणी त्याहूनही उत्तरेकडून. सुरतेतील मराठी घरांना या पाहुण्यांचे विशेष कौतुक असते, कारण आपणही कधीतरी बाहेरूनच आलो आहोत. आमचे आजोबा नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आले आणि गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावून येथेच राहिले.

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी पक्ष्यांवर काही लिहा, असे मंडळाने सुचवले तेव्हा या कुरवांवरच लिहावे असे प्रथम मनात आले. लांबच्या प्रवासाच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत? अमेरिकेत तर एक सोनचिखल्या अलास्काच्या थंडीतून निघतो आणि थेट अर्जेंटिनाच्या कुरणात उतरतो. परंतु आम्ही लिहिणार आहोत ते अशा पक्ष्याबद्दल, जो आयुष्यात कुठेच जात नाही. ज्या रानात जन्मला त्याच रानात तो मरतो. एका माणसाने मात्र त्याला कागदावर प्रवास घडवला. खानदेशातून लंडनला आणि लंडनहून आपल्या सुरत जिल्ह्यातील मांडवीला. ती गोष्ट वाचली तेव्हापासून आम्हांला आमची स्वतःची एक जुनी नोंदवही आठवते. तिच्याबद्दल शेवटी सांगू.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. गावाकडचा साधा पिंगळा सर्वांच्या माहितीचा आहे. चिंचेच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला किचकिच करणारा, गुजरातीत ज्याला चीबरी म्हणतात तो. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा आणि पिंगळ्याची भाषा कळते असे सांगणारा पिंगळा जोशी जुन्या मंडळींनी पाहिलाच असेल. आमची आजी तर पिंगळा ओरडला की चुलीपुढचे काम थांबवून कान देत असे. रानपिंगळा हा त्याचा रानातला भाऊबंद. आकाराने तेवढाच, वीतभर उंचीचा. पण अंगाने ठोस, नख्या आणि चोच दांडगी, आणि साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर जे पांढरे ठिपके असतात ते याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. घुबडाच्या जातीचा असूनही हा भरदिवसा शिकार करतो. सागाच्या कोरड्या रानात उघड्या फांदीच्या टोकावर बसून सरडे, उंदीर, टोळ टिपतो.

याला शास्त्रात नाव मिळाले ते १८७३ साली. नाव देणारे गृहस्थ आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे १८८५ साली ज्यांच्या पुढाकाराने काँग्रेस स्थापन झाली तेच. १९०७ साली याच काँग्रेसचे अधिवेशन आपल्या सुरतेत, लोकमान्य टिळक व्यासपीठावर असताना उधळले गेले, हे सुरतेच्या मराठी माणसाला सांगायला नको. ह्यूमसाहेब सरकारी नोकर होते आणि पक्ष्यांचे वेडे होते. त्यांचे सहकारी एफ. आर. ब्लूइट यांना १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात हा पिंगळा मिळाला, म्हणून ह्यूमनी त्यांचेच नाव त्याला दिले. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला दुसरा मिळाला, ओडिशाच्या बाजूला. तिसरा धागा आपल्या गावाकडचा आहे. जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी अधिकारी १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात नेमणुकीला होते. साताऱ्याच्या की सातपुड्याच्या, कुठल्याही डोंगराला परका वाटणारा साहेब नव्हे हा. शहादा-तळोद्याच्या रानात हिंडून त्याने पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी तयार केली आणि रानपिंगळ्याचे पाच नमुने गोळा केले.

त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे पक्षी मारणे असे. कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर चार गोष्टी : पक्षी कोणता, कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कुणी मिळवला. आज ते क्रूर वाटते, पण एखादा पक्षी कोणत्या मुलखात राहतो याचे जे नकाशे पुस्तकांत असतात, ते अशा चिठ्ठ्यांवरूनच तयार झाले आहेत. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपके जोडले की पक्ष्याचा मुलूख तयार होतो. कावळ्या-चिमण्यांच्या हजारो चिठ्ठ्या असतात, त्यात एखादी चुकली तरी बिघडत नाही. रानपिंगळ्याच्या चिठ्ठ्या सगळ्या जगात मिळून सात. तेव्हा एकेका चिठ्ठीला सोन्याचे मोल होते.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसेना. पुढे बऱ्याच वर्षांनी लंडनच्या संग्रहालयात एक नमुना पुढे आला. चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, ५ ऑक्टोबर १९१४. ही मांडवी म्हणजे कच्छची नव्हे, तापीकाठची. सुरतेहून बारडोलीमार्गे साठेक किलोमीटरवरची, काकरापारच्या शेजारची. झाले. तज्ज्ञांच्या पुस्तकांत रानपिंगळ्याचा मुलूख पश्चिमेला मांडवीपर्यंत सरकला आणि पक्षी शेवटचा मिळाल्याचे साल १८८४ ऐवजी १९१४ झाले. म्हणजे एका चिठ्ठीने तीस वर्षे आणि सव्वाशे किलोमीटर इकडचे तिकडे झाले.

चिठ्ठी लिहिणारा होता कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागन. इंग्रज फौजेतला बडा अधिकारी, पहिल्या महायुद्धातील हेरगिरीच्या कथांनी गाजलेला, आणि पक्षिशास्त्रात तर दबदबा असलेला. त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ साली ब्रिटिश संग्रहालयाला देणगी दिला. एवढ्या मोठ्या देणगीदाराच्या चिठ्ठ्या कोण तपासणार? खरे तर शंकेला जागा आधीच होती. १९१९ साली विनापरवाना नमुने बाहेर नेल्यावरून याच माणसाला संग्रहालयाच्या पक्षी-दालनात यायची बंदी झाली होती. पुढे वजनदार लोकांच्या शब्दाने ती उठली. कुजबुज चालू राहिली. कागदावर मात्र कुणी काही आणले नाही. सरकारी कचेरीत ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

इकडे पक्ष्याचा शोध चालूच होता. आपले सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या थोरांनीही तो शोधला, पण हाती लागला नाही. दिवसा हिंडणारा पक्षी आहे, तरी दिसत नाही, म्हणजे बहुधा संपलाच, असे म्हणण्यापर्यंत वेळ आली.

१९९३ साली ॲलन नॉक्स या पक्षितज्ज्ञाने मायनर्ट्झहागनच्या संग्रहातील दुसऱ्याच काही पक्ष्यांबाबतची लबाडी पुराव्यानिशी छापली, तेव्हा दार उघडले. त्याच सुमारास पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांचा मोठा ग्रंथ तयार करत होत्या. नकाशे काढायचे तर प्रत्येक ठिपका तपासायला हवा, म्हणून त्या संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून हातात घेत होत्या. मांडवीचा पिंगळा त्यांच्या हाती आला आणि त्यांना तो खटकला.

प्रत्येक कारागिराचा हात वेगळा असतो. आपल्या सुरतेत जरीचे काम पाहून कोणत्या कारखान्यातले ते सांगणारे लोक आहेत. तसाच पक्ष्याचे कातडे भरण्याचाही हात असतो. रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी मांडवीचा नमुना क्ष-किरणांखाली पाहिला, त्याची भरणी आणि ठेवण डेव्हिडसनच्या इतर नमुन्यांशी ताडून पाहिली. वरवर टाके नवे होते, भरणी बदललेली होती. पण आतल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या पाच पिंगळ्यांपैकी चार संग्रहालयात जागेवर होते. पाचवा हाच. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून पळवला होता, उसवून पुन्हा शिवला होता आणि त्याच्या पायाला आपल्या नावाची, मांडवीची चिठ्ठी बांधली होती. ऑक्टोबर १९१४ म्हणजे महायुद्ध पेटलेले; त्याच महिन्यात मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालेल्या फौजेत हे गृहस्थ होते. १९९९ साली हा सगळा तपास शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि मांडवीचा ठिपका नकाशावरून पुसला गेला.

मात्र त्याचा खरा उपयोग त्याआधीच झाला होता. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. त्या हातात घेऊन नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. काही नाही. मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांचा माग काढत खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना झाडावर एक पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा पुन्हा माणसाच्या नोंदीत आला. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाही नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होते. पक्षी कुठे गेलाच नव्हता. एकशे तेरा वर्षे तो आपल्या मामाच्या गावाच्या शेजारी, भर उजेडात बसलेला होता.

यात आम्हांला सर्वांत मोठा वाटतो तो डेव्हिडसन. त्याने चिठ्ठीवर जे दिसले, जिथे दिसले तेवढेच लिहिले. ते वाचून कोण कधी येणार आहे याची त्याला कल्पना नव्हती. शतक उलटून गेल्यावर परक्या देशातली तीन माणसे त्याच्या शब्दावर विसंबून शहाद्याच्या रानात उतरली आणि तो शब्द खरा निघाला. नोंदींचे नशीबही विचित्र असते. ह्यूमसाहेबांनी पंचवीस वर्षे खपून लिहिलेले पक्ष्यांचे टिपण सिमल्याच्या घरातून चोरीला गेले आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकले गेले. खरे कागद पुड्या बांधायला गेले आणि खोटी चिठ्ठी काचेच्या कपाटात मानाने राहिली.

पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे हा पक्षी शोधला. त्या पहिल्या पाहणीत चारही ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी दिसले. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या रानात तो असल्याचे कळले. आणि २०१५ साली आपल्याला जवळची बातमी आली. डांगच्या पूर्णा अभयारण्यात, म्हणजे जी पूर्णा पुढे नवसारीला जाते तिच्या काठच्या रानात, रानपिंगळा असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. गुजरातच्या यादीत त्याचे नाव आता पक्क्या शाईने लिहिले गेले आहे. १९६० साली डांग कोणत्या राज्यात जावा यावर केवढा वाद झाला होता. पिंगळ्याला त्याचे काहीच नव्हते. नवापूरच्या स्टेशनवर अर्धे बाकडे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये असते. सागाचे रान तर तेवढीही रेघ मानत नाही.

येथे कुणी म्हणेल, पूर्णेपासून मांडवी पन्नास-साठ किलोमीटर. मग कर्नलचे खोटे शेवटी खरेच ठरले की! आमच्या कचेरीतील एका मित्राने हेच विचारले, आणि आम्ही बराच वेळ निरुत्तर झालो. उत्तर नंतर सुचले. १९१४ साली मांडवीच्या रानात रानपिंगळा होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. होता आणि सागाची तोड झाल्यावर गेला? की कधीच नव्हता? तेथील चौधरी, गामित, वसावा वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, पण त्यांना विचारून कुणी लिहून ठेवले नाही. ज्या जागी 'माहीत नाही' असे लिहिलेले असते, तेथे निदान पुढचा माणूस शोधायला जातो. ज्या जागी खोटे लिहिलेले असते, तेथे तो प्रश्नच विचारत नाही. खोट्या नोंदीने गेलेली ही वर्षे कुणी भरून देऊ शकत नाही.

आता आमच्या नोंदवहीकडे. पंचवीसएक वर्षांपूर्वी डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा उकाईच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी पावसाच्या मापाची नोंद ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. रोज सकाळी साडेआठ वाजता मापकातील पाणी नळीत ओतायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. काम पाच मिनिटांचे. त्या वर्षी गौरींसाठी सुरतेला घरी आलो आणि रजा न टाकता तीन दिवस राहिलो. परत गेल्यावर मापकात तीन दिवसांचे पाणी एकत्र साचलेले होते. ते ओतून मोजले, आणि सुरतेत कोणत्या दिवशी किती पाऊस झाला होता ते आठवून त्या पाण्याचे तीन वाटे केले. तीन आकडे लिहिले, सही केली. अक्षर नेहमीपेक्षा जरा चांगले आले होते.

त्याने काही बिघडले नाही. पुढे त्या भागातील एका नाल्यावरच्या पुलाच्या हिशेबाला त्या वर्षाचे आकडे घेतले गेले, पूल उभा आहे, त्यावरून एसटी जाते. पण जेव्हा जेव्हा त्या पुलावरून जातो, तेव्हा आमच्या पोटात काहीतरी हलते. तीन दिवसांची बेरीज खरी आहे. एका दिवसात सर्वांत जास्त पाऊस किती, हे मात्र त्या वहीला विचारू नये; आणि नाल्याचा पूल बांधणारा नेमके तेच विचारतो. मांडवीच्या पिंगळ्याची हकीकत वाचल्यावर त्या वहीचा शोध घ्यायला गेलो. शेऱ्याच्या रकान्यात निदान लिहावे, 'तीन दिवसांची एकत्र मोजणी, वाटे अंदाजे', एवढाच विचार होता. वही तेथे नव्हती. कुठल्या दफ्तरात गेली की रद्दीत गेली, कुणाला सांगता आले नाही. आकडे मात्र पुढच्या तक्त्यांत उतरले आहेत आणि ते तेथेच राहणार. वीस हजार पक्ष्यांचा लबाड आणि तीन दिवसांचा आळशी यांत फरक आहे, हे खरे. पण चिठ्ठी बांधणारा हात दोघांचा एकाच जातीचा. म्हणून तो शेरा आज या स्मरणिकेत लिहीत आहोत.

आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळताना वाटते, याही एक प्रकारच्या चिठ्ठ्याच आहेत. कोण कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी सुरतेला आले. आपल्या मराठी घरांचा मुलूख उद्या कुणी काढायला बसला तर याच ठिपक्यांवरून काढील. घराण्याचे मोठेपण वाढवण्यासाठी आपण कधी पणजोबांना जहागीरदार करतो, कधी दुष्काळात रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाला 'व्यापारानिमित्त' आलेला लिहितो. तसे करू नये, एवढीच विनंती. आठवत असेल ते लिहावे. आठवत नसेल तेथे 'आठवत नाही' लिहावे. त्यात कमीपणा नाही. आमच्या आजोबांबद्दल वर 'नंदुरबारकडून' असे लिहिले आहे. नक्की गाव कोणते ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन पूर्णा अभयारण्यात, महालच्या कॅम्पला गेलो होतो. दोन दिवस पहाटे उठून सागाच्या शेंड्याशेंड्यावर नजर लावून हिंडलो. साधा पिंगळा दिसला, डोक्यावर ठिपके असलेला. एकदा लांबच्या फांदीवर काहीतरी ठोस बसलेले दिसले आणि दुर्बीण लावेपर्यंत उडून गेले. आम्ही म्हणालो, "तोच असणार, लिही." मुलगी थोडा वेळ पेन्सिल धरून बसली. मग तिने तारीख, जागा आणि वेळ लिहिली, आणि पुढे लिहिले : रानपिंगळा – दिसला नाही.

आम्ही वही घेतली आणि तिच्या नोंदीखाली सही केली.

गणपती बाप्पा मोरया!